इन्फ्ल्युएंझाची लस आणि पेशींचें मरण

माझी आजी जुनी हकीकत सांगूं लागली म्हणजे तिच्या बोलण्यांत शक किंवा सन येत नसे. “मानमोडीच्या आधीं” आणि “मानमोडीच्या मागून” अशी तिची कालगणना होती. मानमोडी म्हणजे १९१८ सालची इन्फ्ल्युएंझाची साथ. त्या वर्षीं जून महिन्यांत ती मुंबईंत दिसूं लागली, कांहीं आठवड्यांनीं ओसरली, आणि पावसाळा सरतां सरतां तिनें पुन्हां डोकें वर काढलें तें असें कीं, स्मशानांत सरपणही पुरेना. एकट्या हिंदुस्थानांत त्या साथींत एक कोटीहून अधिक माणसें दगावलीं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आजीच्या माहेरच्या घरांतून त्या एका आश्विनांत दोन तिरड्या निघाल्या होत्या. ती गोष्ट सांगतांना तिचा आवाज साठ वर्षांनंतरही खालीं येई.

त्या वेळच्या डॉक्टरांना शत्रु कोण हेंच ठाऊक नव्हतें. १८९२ सालीं रिचर्ड फायफर या जर्मन शास्त्रज्ञानें रोग्यांच्या कफांत सांपडणारा एक जंतु दाखवून, हाच इन्फ्ल्युएंझाचा जनक, असें सांगितलें होतें. १९१८ सालीं पाश्चात्त्य देशांत त्या जंतूच्या व त्याच्या जोडीनें आढळणाऱ्या इतर जंतूंच्या लसी करून टोंचण्यांत आल्या. परंतु जो मूळ अपराधी नव्हेच त्याच्याविरुद्ध केलेली ती तरतूद होती. इन्फ्ल्युएंझाला तिनें आळा बसणें शक्य नव्हतें.

आज दरवर्षीं इन्फ्ल्युएंझाची नवी लस निघते, आणि माझ्यासारखे साठी उलटलेले लोक ती टोंचून घेतात. ती कशी निर्माण झाली हा इतिहास मोठा आहे. त्यांतील एकच धागा मी आज आपल्यापुढें उलगडणार आहें. विषाणूची पैदास करण्यासाठीं ज्या जिवंत पेशी वापराव्या लागल्या, त्या पेशींचें काय झालें? वरवर पाहतां हा प्रश्न गौण वाटेल. परंतु या लसीच्या इतिहासांतील कितीतरी मोठे शोध या एका प्रश्नाकडे नीट पाहिल्यामुळें लागले, आणि कांहीं अपयशें त्याकडे दुर्लक्ष झाल्यामुळें पदरीं आलीं, असें आपल्या ध्यानांत येईल.

प्रथम अडचण काय होती तें समजून घेऊं. जंतु हा पूर्ण संसारी प्राणी आहे. मांसाचें सार, थोडी साखर, थोडें मीठ एवढें दिलें कीं तो कांचेच्या नळींत आपला आपण वाढतो. विषाणूचें तसें नाहीं. इन्फ्ल्युएंझाचा विषाणु मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा असतो. त्याच्यापाशीं चूल नाहीं, धान्य नाहीं, हत्यारेंही जवळजवळ नाहींत. आरएनए नांवाच्या द्रव्याच्या आठ तुकड्यांवर लिहिलेली ‘माझ्या प्रती करा’ एवढी आज्ञा तो घेऊन फिरतो. ती आज्ञा पाळणारें कोणी भेटलें तरच त्याचा वंश वाढतो. आणि तें कोणी म्हणजे जिवंत पेशी. म्हणून लस करणाराला विषाणु हवा असेल तर आधीं पेशी पोसल्या पाहिजेत आणि मग त्यांच्यावर विषाणु सोडला पाहिजे. विषाणु वाढतो, पण पेशी मरते. दूध देतां देतांच जी गाय प्राण सोडते अशा गाईंवर एखाद्या गवळ्यानें धंदा चालवावा, तसा हा व्यवहार आहे. गाय फार लवकर मेली तर दूध थोडें; आणि मुळींच मेली नाहीं तर बहुधा तिनें दूधच दिलेलें नसतें!

खऱ्या शत्रूचा पत्ता १९३३ सालीं लागला. त्याच्या दोन वर्षें आधीं अमेरिकेंत रिचर्ड शोप यांनीं, डुकरांच्या इन्फ्ल्युएंझाचें कारण जंतु अडकून राहतील अशा बारीक गाळणींतून पार होतें, असें दाखविलें होतें. पुढें लंडनच्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेंत विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज व पॅट्रिक लेडलॉ या तिघांनीं माणसाच्या घशांतील गाळलेलें पाणी फेरेटच्या नाकांत सोडलें. फेरेट हा विलायतेंत पाळला जाणारा, आपल्या मुंगसाच्या बांध्याचा एक लहान प्राणी. त्याला ताप आला, नाक वाहूं लागलें, आणि माणसाचा इन्फ्ल्युएंझा हा विषाणूचा रोग आहे हें सिद्ध झालें. पुढें त्याच संस्थेंत एका आजारी फेरेटची शिंक एका तरुण संशोधकाच्या तोंडावर उडाली आणि त्याला फ्लू झाला. तेव्हां उरलासुरला संशयही फिटला. पण फेरेटच्या नाकांतून लसीपुरता विषाणु कसा मिळावा? त्यासाठीं स्वस्त, स्वच्छ आणि वाटेल तितकी मिळेल अशी जिवंत पेशींची जागा हवी होती.

ती जागा कोंबडीच्या अंड्यांत सांपडली. १९३१ सालीं अमेरिकेंत नॅशव्हिल येथें अर्नेस्ट गुडपाश्चर व ॲलिस वुडरफ यांनीं, कोंबड्यांच्या देवीचा विषाणु अंड्यांतील गर्भाच्या आवरणावर वाढूं शकतो, असें दाखविलें होतें. ऑस्ट्रेलियांत मेलबर्न येथें मॅक्फार्लेन बर्नेट यांनीं तीच रीति इन्फ्ल्युएंझाला लावली आणि पुढील कांहीं वर्षांत ती पूर्णत्वास नेली. दहा-अकरा दिवस उबविलेलें अंडें दिव्यापुढें धरावें, गर्भ जिवंत असल्याची खूण पाहावी, कवचाला बारीक छिद्र पाडून गर्भाभोंवतींच्या पाणथळ पिशवींत विषाणूचा थेंब सोडावा, छिद्र बंद करावें आणि दोन-तीन दिवसांनीं तें पाणी काढून घ्यावें. त्या पिशवीच्या अस्तरांतील पेशी एव्हांना विषाणु प्रसवून झिजलेल्या असतात आणि पाण्यांत कोट्यवधि विषाणु तरंगत असतात. तो विषाणु शुद्ध करून फॉर्मालिननें मारला कीं लस तयार. थॉमस फ्रान्सिस व त्यांचे तरुण सहकारी जोनास सॉल्क यांनीं अशी लस अमेरिकन सैन्यासाठीं तपासून पाहिली, आणि १९४५ सालीं तिला सरकारी परवाना मिळाला. आजही जगांतील इन्फ्ल्युएंझाची बहुतेक लस याच मार्गानें, अंड्यांतून येते.

आतां या अंड्यांनीं शिकविलेले धडे पाहूं.

पहिला धडा १९४१ सालीं न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेंत जॉर्ज हर्स्ट यांना मिळाला. अंड्यांतील पाणी काढतांना गर्भाची एक रक्तवाहिनी फाटली आणि रक्त त्या पाण्यांत मिसळलें. नमुना बिघडला म्हणून दुसऱ्या कोणीं तो ओतून दिला असता. हर्स्ट यांनीं पाहिलें तों तांबडे रक्तकण एकमेकांस चिकटून त्यांच्या गांठी झालेल्या! त्याच वर्षीं कॅनडांत टोरांटो येथील दोघा संशोधकांनाही हाच अनुभव आला. यावरून दोन गोष्टी निघाल्या. विषाणु किती आहे हें आतां रक्ताच्या थेंबानें मोजतां येऊं लागलें. आणि विषाणु पेशीला जेथें धरतो ती कडी कोणती, हा प्रश्न पुढें आला. ती कडी म्हणजे पेशीच्या अंगावर शर्करांच्या सांखळ्या असतात त्यांच्या टोंकाचें सायालिक आम्ल, हें पुढें ठरलें. विषाणूच्या अंगावरील हिमॅग्लुटिनिन नांवाचें प्रथिन ती कडी पकडतें, आणि न्युरामिनिडेज नांवाचें दुसरें प्रथिन बाहेर पडतांना तीच कडी तोडून वाट मोकळी करतें.

दुसरा धडा बर्नेट यांनीं १९४३ सालीं नोंदविला, आणि माझ्या मतें सर्वांत महत्त्वाचा तोच होता. माणसाच्या घशांतून नुकताच आलेला विषाणु गिनीपिगच्या व माणसाच्या रक्तकणांना चांगला चिकटे, पण कोंबडीच्या रक्तकणांना फारसा चिकटत नसे. तोच विषाणु एका अंड्यांतून दुसऱ्या अंड्यांत असा कांहीं वेळां नेला कीं तो कोंबडीच्या रक्तकणांनाही आवडीनें चिकटूं लागे. पहिल्याला त्यांनीं ‘मूळ’ आणि दुसऱ्याला ‘साधित’ अशा अर्थाचीं नांवें दिलीं. याचा उलगडा पुष्कळ वर्षांनीं झाला. माणसाच्या श्वासनलिकेंतील कड्या एका कोनानें जोडलेल्या असतात आणि अंड्यांतील त्या पिशवीच्या कड्या दुसऱ्या कोनानें. अंड्यांत संसार थाटायचा तर विषाणूला आपल्या हाताची पकड बदलावी लागते. श्रोतेहो, मुलगा आजोळीं वाढला तर त्याची बोली आजोळची होते. येथें विषाणु कोंबडीच्या घरीं वाढला आणि कोंबडीचा झाला. पण आपली लस तर माणसाच्या घरच्या विषाणूशीं लढावयाची आहे! ही विसंगति १९४३ सालीं कागदावर आली होती. पण लसीच्या कारखान्यांनीं तिची दखल घेण्यास पुढें कित्येक दशकें लागलीं.

तिसरा धडा लोभाचा आहे. डेन्मार्कचे प्रेबेन फॉन मॅग्नुस यांनीं १९४० नंतरच्या दशकांत असें पाहिलें कीं, अंड्यांत पुष्कळ विषाणु सोडला म्हणजे पुष्कळ विषाणु निघेल हा हिशेब खोटा आहे. भरमसाट विषाणु सोडून तेंच पीक पुन्हां पुन्हां पेरलें तर रक्तकणांच्या गांठी पूर्वींप्रमाणें होतात, पण त्या विषाणूंत संसर्गाची शक्ति उरत नाहीं. पुढें कळलें कीं, एकाच पेशींत अनेक विषाणु शिरले म्हणजे आज्ञेच्या अर्धवट, मधला भाग गळालेल्या प्रती बळावतात. त्या आंखूड असल्यामुळें लवकर नकलल्या जातात आणि पुऱ्या प्रतींची जागा अडवितात. म्हणून आजही शहाणा कारखानदार बी विरळ पेरतो.

चौथा धडा १९५७ सालचा. लंडनच्या त्याच संस्थेंत ॲलिक आयझॅक्स व जाँ लिंडेनमान यांनीं उष्णतेनें निकामी केलेला इन्फ्ल्युएंझाचा विषाणु अंड्यांतील आवरणाच्या तुकड्यांवर घातला. कांहीं तासांनीं त्या तुकड्यांभोंवतींचें पाणी घेऊन नव्या तुकड्यांवर ओतलें, आणि त्यांवर जिवंत विषाणु सोडला. तो वाढेना! पहिल्या तुकड्यांतील पेशींनीं शेजाऱ्यांना सावध करणारें एक द्रव्य सोडलें होतें. त्याला त्यांनीं ‘इंटरफेरॉन’ असें नांव दिलें. तात्पर्य, ज्या पेशीला आपण मुकाट्यानें मरणारी गाय समजत होतों, ती मरण्यापूर्वीं हाक मारते आणि गोठ्यांतील बाकीच्या गाई दार लावून घेतात. लस करणाराच्या दृष्टीनें ही अडचण होती. वैद्यकशास्त्राला मात्र शरीराच्या बंदोबस्ताचें एक नवें खातेंच सांपडलें.

अंड्यांवरच सर्व भिस्त ठेवण्यांत धोका होता. अंडीं कांहीं महिने आधीं ठरवून ठेवावीं लागतात, आणि कोंबड्यांतच रोग पसरला तर अंडीं आणावयाचीं कोठून? म्हणून मोकळ्या पेशी कांचेच्या भांड्यांत वाढविण्याची विद्या पुढें आली. ती नवी नव्हती. १९०७ सालींच रॉस हॅरिसन यांनीं बेडकाच्या गर्भांतील मज्जातंतु शरीराबाहेर वाढवून दाखविला होता. १९४९ सालीं अमेरिकेंत जॉन एंडर्स, थॉमस वेलर व फ्रेडरिक रॉबिन्स यांनीं पोलिओचा विषाणु अशा संवर्धित पेशींत वाढविला, आणि विषाणुविद्येचें दालनच उघडलें. सप्टेंबर १९५८ मध्यें कॅलिफोर्नियांत मॅडिन व डार्बी या दोघांनीं कॉकर स्पॅनियल जातीच्या एका निरोगी कुत्रीच्या मूत्रपिंडांतील पेशी वाढविण्यास घेतल्या. त्यांच्या व कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या नांवांतील आद्याक्षरांवरून त्या पेशींस ‘एमडीसीके’ म्हणतात. त्यांचा वंश आजतागायत चालू आहे. १९६८ सालीं या पेशींत इन्फ्ल्युएंझाचा विषाणु वाढतो, असें प्रसिद्ध झालें.

मात्र वाढ मनाजोगती होईना. पेशींतून विषाणु बाहेर पडे, रक्तकणांच्या गांठीही करी, पण पुढच्या पेशींत शिरेना. अंड्यांत जें सहज घडे तें भांड्यांत कां घडूं नये? याचें उत्तर १९७५ सालीं जर्मनींत हान्स-डीटर क्लेंक व रुडॉल्फ रॉट यांच्याकडून, आणि अमेरिकेंत लाझरोविट्झ व चॉपिन यांच्याकडून आलें. हिमॅग्लुटिनिन हें प्रथिन पेशींत अखंड बनतें. तें बाहेरून दोन ठिकाणीं नव्हे, नेमक्या एकाच ठिकाणीं चिरलें गेलें तरच विषाणूला नव्या पेशीचें दार उघडतां येतें. माणसाच्या श्वासनलिकेंत आणि अंड्यांतील पाण्यांत तें काम करणारें पाचक द्रव्य असतें. भांड्यांतील कुत्र्याच्या पेशींपाशीं तें पुरेसें नसतें. तेव्हां स्वादुपिंडांतील ट्रिप्सिन हें पाचक द्रव्य अत्यल्प प्रमाणांत घालावें म्हणजे काम होतें. अत्यल्प कां? कारण हेंच ट्रिप्सिन जास्त झालें तर पेशी भांड्याच्या तळापासून सुटूं लागतात. आणि पेशींना पोसण्यासाठीं वासराच्या रक्ताची जी निवळ घालीत, ती ट्रिप्सिनला मारते. म्हणून विषाणु सोडण्यापूर्वीं ती धुवून काढावी लागे. एका चिमटीसाठीं सारा स्वयंपाक बदलावा लागला!

आतां विषाणु शिरल्यावर पेशीचें काय होतें, तें क्रमानें पाहूं. सायालिक आम्लाची कडी पकडतांच पेशी त्याला अन्नाचा कण समजून पोटांत घेते. तेथें एका लहान पिशवींत आम्लता वाढते. त्या आम्लानेंच विषाणूचें कवच उघडतें आणि आठही आज्ञा पेशीच्या केंद्रांत जातात. पेशीचे स्वतःचे संदेश एका खुणेच्या टोपीवांचून वाचले जात नाहींत. जसा सरकारी शिक्क्यावांचून हुकूम चालत नाहीं. विषाणु पेशीच्या संदेशांचीं शिरें छाटून त्या टोप्या आपल्या संदेशांवर चढवितो. ही चोरी १९८० च्या सुमारास अमेरिकेंत रॉबर्ट क्रुग व त्यांचे सहकारी यांनीं उघडकीस आणली. परिणामीं पेशीचें स्वतःचें कामकाज मंदावतें आणि विषाणूचें जोरांत चालतें. सहा ते आठ तासांत नवे विषाणु बाहेर पडूं लागतात. पेशी साखर अधिक वेगानें जाळूं लागते. कांहीं तासांनीं तिचा आकार बदलतो. ती गोल होते, आकसते, तळापासून सुटते. तिच्या शक्तीचा सांठा रिता होतो आणि शेवटीं तिचें आवरण फाटतें.

हें मरण नुसतें झिजून येत नाहीं. १९९३ सालीं जपानी संशोधकांनीं, आणि १९९४ सालीं व्हर्जिनिया हिनशॉ व त्यांच्या अमेरिकेंतील सहकाऱ्यांनीं असें दाखविलें कीं, इन्फ्ल्युएंझानें बाधलेली पेशी ठरलेल्या क्रमानें आत्मनाश करते. शास्त्रांत यास ‘अपॉप्टॉसिस’ म्हणतात. आपण मेलों तरी चालेल, पण घरांत शिरलेल्या चोराला पुढें जाऊं देऊं नये, अशी ही पेशीची प्रतिज्ञा दिसते. पण विषाणु त्याहून धूर्त आहे. त्याचें एनएस१ नांवाचें प्रथिन इंटरफेरॉनची हाक दडपतें, हें १९९८ सालीं निश्चित झालें. आणि २००३ सालीं जर्मन संशोधकांनीं दाखविलें कीं, आत्मनाशाच्या यंत्रणेंतील एक कात्री विषाणु आपल्याच कामाला लावतो. तिच्या साह्यानें त्याच्या आज्ञा पेशीच्या केंद्रांतून सुलभपणें बाहेर येतात. घरधन्यानें स्वतःच्या चितेसाठीं रचलेलीं लांकडें चोरानें आपल्या चुलीला लावावीं, तसें हें झालें.

कारखान्याला या ज्ञानाचा उपयोग काय? पेशी फार लवकर मेल्या तर पीक थोडें येतें. कापणीस उशीर केला तर फुटलेल्या पेशींतील प्रथिनें व आनुवंशिक द्रव्य लसीच्या पाण्यांत मिसळतें आणि तें काढून टाकण्यांत श्रम व पैसा जातो. जागतिक आरोग्य संघटनेनें अशा अविरत वाढणाऱ्या पेशींच्या आनुवंशिक द्रव्याचा अंश एका मात्रेंत एका ग्रॅमच्या अब्जांशाच्या दहापटींहून अधिक नसावा, अशी मर्यादा घातली आहे. म्हणून बी किती पेरावें, ट्रिप्सिन किती घालावें आणि कापणी कोणत्या तासाला करावी, हें पेशीच्या मरणाचा वेग पाहून ठरवावें लागतें. जर्मनींत मॅग्डेबुर्ग येथील मॅक्स प्लांक संस्थेंत उदो रायशल व त्यांच्या मंडळींनीं या प्रश्नाचा पिच्छा पुरविला. किती पेशींना लागण झाली, किती आत्मनाशाच्या वाटेवर आहेत, त्यांच्या पोटांत साखर व शक्ति किती उरली, हें त्यांनीं मोजून गणितांत बसविलें. २०१० सालीं त्यांच्या एका निबंधांतून आणखी एक गंमत बाहेर आली. कुत्र्याच्या या पेशी इंटरफेरॉनची हाक मारतात खऱ्या, पण त्या हाकेनें उभा राहणारा त्यांचा पहारा या विषाणूपुढें दुबळा पडतो. या पेशी चांगलें पीक देतात त्याचें हें एक कारण. १९६२ सालीं जपानांत आफ्रिकन हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून मिळविलेल्या ‘व्हेरो’ पेशींत तर ती हाक मारण्याची शक्तिच नाहीं. त्यांचाही लसीसाठीं उपयोग झाला.

इकडे अंड्यांचे दोष उघड होत होते. १९८३ सालीं इंग्लंडांत जेफ्री शील्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एकाच रोग्याच्या विषाणूचे दोन भाग केले. एक अंड्यांत वाढविला, दुसरा कुत्र्याच्या पेशींत. रक्तांतील प्रतिपिंडांनीं दोघांना निराळें ओळखलें! चाळीस वर्षांपूर्वींचें बर्नेट यांचें निरीक्षण आतां थेट लसीच्या दारांत येऊन उभें राहिलें. पुढें १९९७ सालीं हाँगकाँगमध्यें पक्ष्यांच्या एच५एन१ विषाणूनें १८ माणसांना गांठलें आणि त्यांपैकीं ६ दगावलीं. तो विषाणु कोंबडीच्या गर्भालाच ठार करी. मग अंड्यांत पीक कसें यावें? तेव्हां पेशींच्या मार्गाची निकड सर्वांस पटली. २००७ सालीं युरोपांत, आणि २०१२ सालीं अमेरिकेंत, एमडीसीके पेशींतील हंगामी लसीला परवाना मिळाला. त्यासाठीं तळाला न चिकटतां मोठ्या टाक्यांतून तरंगत वाढणाऱ्या पेशी तयार केल्या होत्या.

आपल्याकडील आठवण येथें सांगितली पाहिजे. ऑगस्ट २००९ मध्यें स्वाइन फ्लूनें देशांतील पहिला बळी पुण्यांत घेतला. शाळा बंद झाल्या. मी तेव्हां नोकरींत होतों, आणि रिकाम्या वर्गाला कुलूप घालतांना मला आजीची मानमोडी आठवली. पण १९१८ आणि २००९ यांत एक मोठें अंतर होतें. शत्रूचें नांव या वेळीं ठाऊक होतें. पुढच्याच वर्षीं, २०१० सालीं, पुण्याच्या सीरम संस्थेनें अंड्यांत वाढविलेली, नाकांत फवारण्याची लस काढली. आणि त्याच वर्षीं हैदराबादच्या भारत बायोटेकनें एमडीसीके पेशींत वाढविलेली लस बाजारांत आणली. जुना व नवा असे दोन्ही मार्ग आपल्या देशांत एकाच वर्षीं चालून गेले.

पेशींची लसही पहिलीं कांहीं वर्षें पुरती निर्दोष नव्हती, कारण तिचें बियाणेंच अंड्यांतून आलेलें असे. अमेरिकेंत २०१६ सालीं पेशींतच मिळविलेलें बियाणें वापरण्यास परवानगी मिळाली. त्याची गरज किती होती तें २०१७ सालीं पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांतील संशोधनानें दाखविलें. माणसांत फिरणाऱ्या एच३एन२ विषाणूनें आपल्या हिमॅग्लुटिनिनवर शर्करेचा एक नवा बुरखा चढविला होता. अंड्यांत वाढतांना तो बुरखा गळून पडे. लस घेतलेल्या माणसाच्या शरीरानें चेहरा ओळखण्याची तयारी केली होती. समोर मात्र बुरखा घेतलेला चोर आला. २०१६-१७ च्या हंगामांत लस कमी पडली त्याचें हें एक कारण सांगण्यांत येतें.

येथें एक सावधगिरीही सांगतों. विषाणु मुळांतच बदलता आहे. १९४७ सालीं अमेरिकेंत अंड्यांची लस फसली ती प्रामुख्यानें निसर्गांतील विषाणूच बदलल्यामुळें. त्या दोषाला भांडें जबाबदार नव्हतें. शिवाय कुत्र्याच्या पेशी म्हणजे माणसाची श्वासनलिका नव्हे. त्यांतही एच३एन२ विषाणूच्या न्युरामिनिडेजमध्यें कधीं कधीं फेर पडतात. म्हणून २००३ सालीं जर्मनींत या पेशींना माणसाच्या कड्यांसारख्या कड्या अधिक संख्येनें देण्यांत आल्या. आरसा अधिक स्वच्छ झाला एवढेंच. तो आरसाच आहे हें विसरतां येत नाहीं.

श्रोतेहो, मी शाळेंत गणित शिकवीत असें. उदाहरण चुकलें कीं मुलें घाईनें पान फाडीत. मी त्यांना सांगें, “बाळांनो, बरोबर आलेलें उत्तर फळ्यावरही मिळेल, तुमची चूक मात्र तुमच्याच वहींत आहे, ती नीट वाचा.” या इतिहासांत मला तेंच दिसतें. रक्तानें बिघडलेला नमुना, पीक न देणारें दाट पेरलेलें बी, निकामी विषाणु घातलेलें आवरण, पुढें न शिरणारा विषाणु, हीं सारीं चुकलेलीं उदाहरणें होतीं. ज्यांनीं तीं वाचलीं त्यांना विद्या मिळाली. आणि बर्नेट यांचें १९४३ सालचें एक पान पुरतेंपणीं वाचलें गेलें नाहीं, त्याची किंमत पुढें लस घेणाऱ्यांनीं कांहीं अंशीं मोजली.

माझ्या आजीच्या माहेरीं त्या आश्विनांत ज्या दोघांना खांदा दिला गेला, त्यांच्यासाठीं यांतलें कांहींच उपलब्ध नव्हतें. आज वर्षाकांठीं माझ्या दंडांत जी सुई टोंचली जाते तिच्यामागें एवढ्या पेशींचें मरण आणि त्या मरणाकडे डोळे उघडे ठेवून पाहणाऱ्या माणसांची एवढी वर्षें उभीं आहेत. ती लस पूर्ण कवच नव्हे, हें मी जाणतों. पण शत्रूचें नांवही ठाऊक नसण्यापासून, त्याच्या बुरख्याची एकेक गांठ ओळखण्यापर्यंत आपण आलों आहोंत, हेंही मी जाणतों. आणि म्हणून पावसाळ्याच्या तोंडीं मी दवाखान्याची पायरी आनंदानें चढतों.